झाकण मिटले तरी लॅपटॉप जागाच का राहतो?

वाचकांचे प्रश्न: मुक्त-स्रोत संगणक

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एप्रिल-मेमध्ये प्रिंटर आणि मराठी कळफलक यांविषयी विचारणारे वाचक जून उजाडताच बॅटरीविषयी विचारू लागतात, कारण रात्री एखादी फांदी तारेवर पडली की अख्खी वाडी अंधारात जाते आणि हातातले काम लॅपटॉपच्या बॅटरीवर येऊन ठेपते. या वेळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील वाचकांची पाच पत्रे निवडली आहेत. लिनक्स या मुक्त-स्रोत प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपची झोप, बॅटरी आणि चार्जर हाच त्या सर्वांचा विषय आहे. पत्रांतील उबंटू, मिंट आणि फेडोरा ही लिनक्सचीच वेगवेगळी रूपे (वितरणे) आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. वेगळे सांगितले नसेल, तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करावीत.

प्रश्न: मी कुडाळला इमारतींचे नकाशे काढण्याचे काम करतो. लॅपटॉपवर उबंटू २४.०४ आहे. गेल्या आठवड्यात कोकणकन्येत बसताना बॅटरी ८८ टक्के होती. झाकण मिटून लॅपटॉप सॅकमध्ये ठेवला आणि झोपलो. सकाळी ठाण्याला सॅक उघडली, तर लॅपटॉप हाताला चटका बसेल इतका गरम लागला, चालू होईना, आणि चार्जर लावल्यावर बॅटरी शून्य दिसली. असे कधी होते, कधी होत नाही. घरी दोनदा तर रात्रभर ठेवूनही जेमतेम ४ टक्केच उतरली. मी प्रणाली बदलावी काय?

उत्तर: प्रणाली बदलण्याची घाई करू नये. आपल्या पत्रातील ‘कधी होते, कधी होत नाही’ हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण दोष सरसकट असता तर तो दररोज दिसला असता. घरी शांत झोपणारे यंत्र प्रवासात झोपत नसेल, तर प्रवासात वेगळे काय असते, ते शोधावे लागेल. त्याआधी या झोपेचे दोन प्रकार समजून घेऊ.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाचे मानक प्रसिद्ध केले. यंत्राच्या झोपेच्या अवस्था कोणत्या, त्यांत जायचे कसे आणि कोणत्या कारणाने जागे व्हायचे, हे त्यात ठरलेले आहे. त्यातील ‘एस ३’ ही अवस्था जुन्या लॅपटॉपांची नेहमीची झोप होती. तीत प्रोसेसरचा वीजपुरवठाच बंद होतो आणि केवळ मेमरीतील मजकूर टिकण्यापुरती वीज खर्च होते. अलीकडच्या लॅपटॉपांत, विशेषतः २०२० नंतरच्या अनेक यंत्रांत, उत्पादकांनी ही अवस्था काढून टाकली आणि मोबाइलसारखी हलकी झोप आणली. लिनक्समध्ये तिला ‘एस-टू-आयडल’ म्हणतात. तिच्यात प्रोसेसर बंद होत नाही, तो निष्क्रिय राहतो, आणि यंत्रातील प्रत्येक घटक शांत झाला तरच विजेचा खर्च खऱ्या अर्थाने खाली येतो. भजन संपल्यावरही एक जण उठला नाही, तर ओटीवरचा दिवा मालवता येत नाही. वायफायचे कार्ड, एसएसडी किंवा यूएसबीला लावलेले एखादे उपकरण यांपैकी एकानेही शांत व्हायला नकार दिला, तर नेमके तसेच होते.

आपल्या यंत्रात कोणती झोप आहे, हे एका फाइलीत लिहिलेले असते. ‘कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात ‘एस२आयडल’ आणि ‘डीप’ असे दोन शब्द आले, तर यंत्राला दोन्ही प्रकार येतात आणि चौकटी कंसात असलेला शब्द सध्या वापरात आहे. एकच शब्द आला, तर निवड करण्यासारखे काही नाही. ‘डीप’ उपलब्ध आहे पण कंसात नाही, असे दिसले, तर ‘इको डीप | सुडो टी /सिस/पॉवर/मेम_स्लीप’ ही आज्ञा देऊन आधी तात्पुरता बदल करून पाहावा. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर हा बदल आपोआप पुसला जातो, म्हणून प्रयोगाला तो निर्धोक आहे. मात्र सर्व फाइली सेव्ह करूनच झाकण मिटावे. काही यंत्रे ‘डीप’ येत असल्याचे सांगतात, पण त्या झोपेतून उठत नाहीत, आणि मग पॉवरचे बटण दहा-बारा सेकंद दाबून धरण्यावाचून इलाज राहत नाही. तीन-चार वेळा नीट झोपून नीट उठले, तरच ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रणाली उचलणाऱ्या आज्ञावलीच्या, सेटिंगमध्ये ‘मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप’ ही सूचना कायमची लिहावी आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवावे. थिंकपॅड मालिकेतील काही यंत्रांच्या बायोसमध्ये, म्हणजे प्रणालीच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, झोपेचा प्रकार ‘विंडोज’ की ‘लिनक्स’ असा पर्याय असतो. तो तिथे असेल, तर आधी तोच बदलावा.

आता प्रवासाकडे वळू. त्या रात्री काय घडले, याची नोंद यंत्राने स्वतः करून ठेवलेली आहे. ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ ही आज्ञा कर्नेलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, मागील खेपेची नोंदवही उघडते. शेवटचा आकडा उणे एक आहे, कारण बॅटरी संपून यंत्र बंद पडले आणि आपण ते नव्याने सुरू केले. त्या नोंदीत ‘पीएम: सस्पेंड एंट्री’ आणि ‘पीएम: सस्पेंड एग्झिट’ या ओळींच्या जोड्या शोधाव्यात. नीट झोपलेल्या यंत्राच्या नोंदीत रात्री १० ची एक ‘एंट्री’ आणि सकाळी ६ ची एक ‘एग्झिट’ असते, मध्ये काही नसते. आपल्या नोंदीत मात्र २२:१४ ला झोप, २२:१६ ला जाग, पुन्हा झोप, पुन्हा जाग अशी मालिका दिसेल, असा माझा कयास आहे. तसे दिसले, तर झोप लागते आहे, पण कोणीतरी ती मोडते आहे. एकही ‘एंट्री’ नसेल, तर झोप लागलीच नाही आणि कारण वेगळे आहे.

झोप मोडणारा कोण? आपण नकाशे काढता, म्हणजे वायरलेस माउस वापरत असाल आणि त्याचा तो नखाएवढा रिसीव्हर यूएसबीच्या खाचेतच राहत असेल. असे पुष्कळ रिसीव्हर यंत्राला स्वतःची ओळख माउस आणि कळफलक अशी दुहेरी करून देतात, आणि कळफलकाला झोपलेले यंत्र उठवण्याची परवानगी मुळातच दिलेली असते. घरी माउस टेबलावर पडून असतो, तेव्हा काही होत नाही. प्रवासात तोच माउस त्याच सॅकमध्ये चालू स्थितीत असतो आणि गाडीच्या हेलकाव्यांनी रात्रभर हलत राहतो. यंत्र उठते, काही क्षणांनी झाकण मिटलेले असल्याचे प्रणालीच्या लक्षात येते, ते पुन्हा झोपते आणि पुढच्या हेलकाव्याला पुन्हा उठते. सॅकमध्ये हवा खेळत नाही, उष्णता कोंडते, पंखा फिरू लागतो आणि बॅटरी संपते. हे कारण असेल, तर उपाय सोपा आहे: निघताना रिसीव्हर काढून माउसच्या पोटातील खाचेत ठेवावा. तो काढायचाच नसेल, तर ‘/सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस’ या फोल्डरात त्या उपकरणाच्या ‘पॉवर/वेकअप’ फाइलीत ‘डिसेबल्ड’ हा शब्द लिहिता येतो. परंतु हा बदल टिकवण्यासाठी यूडेव्हचा (उपकरणे हाताळणाऱ्या सेवेचा) नियम लिहावा लागतो आणि तेवढ्या खटाटोपापेक्षा रिसीव्हर काढणे मला बरे वाटते.

रिसीव्हर काढूनही जाग येत राहिली, तर ‘/प्रॉक/एसीपीआय/वेकअप’ या फाइलीत यंत्राला उठवू शकणाऱ्या सर्व घटकांची यादी असते. त्यात कोण ‘एनेबल्ड’ आहे, ते पाहून एकेकाला बंद करून तपासावे. आणि नोंदीत ‘एंट्री’ ही ओळच नसेल, तर निघण्यापूर्वी यंत्राला बाहेरचा मॉनिटर जोडलेला होता का, ते आठवावे. एकाहून अधिक पडदे जोडलेले असताना झाकण मिटले, तर यंत्र टेबलावर वापरात आहे असे समजून सिस्टमडी ही प्रणालीच्या सेवा सांभाळणारी आज्ञावली झाकणाकडे दुर्लक्ष करते. हा दोष नाही, ती ठरवलेली वागणूक आहे. म्हणून मॉनिटरची केबल आधी काढावी, झाकण नंतर मिटावे आणि चालू असल्याचा दिवा विझला किंवा संथपणे लुकलुकू लागला, हे डोळ्यांनी पाहूनच यंत्र सॅकमध्ये घालावे. कारण पक्के सापडेपर्यंत रात्रीच्या प्रवासाला यंत्र पूर्ण बंद करून न्यावे. बंद सॅकमधील ती उष्णता बॅटरीचे आयुष्य खरोखर कमी करते, म्हणून हा आग्रह आहे.

प्रश्न: हर्णैला आमचे निवास-न्याहारीचे घर आहे. खोल्यांच्या नोंदी आणि हिशेब लिनक्स मिंट असलेल्या पाच वर्षांच्या लॅपटॉपवर ठेवते. संध्याकाळी वीज गेली की बॅटरी ३५ टक्के दिसत असतानाच लॅपटॉप एकदम बंद पडतो, कोणतीही सूचना येत नाही. दोनदा दिवसभराच्या नोंदी गेल्या. यात लिनक्सचा दोष आहे, असे एका परिचितांनी सांगितले. खरे आहे का?

उत्तर: ताई, लिनक्सचा दोष असण्याची शक्यता फार थोडी आहे. बॅटरीत किती वीज उरली, हे प्रणाली स्वतः मोजत नाही. बॅटरीच्या आत बसवलेली छोटी चिप ते मोजते आणि प्रणाली तिने सांगितलेला आकडा दाखवते. बॅटरी म्हातारी झाली, की त्या चिपचा अंदाज चुकू लागतो.

आधी बॅटरीचे खरे वय पाहू. ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०’ या फोल्डरात ‘एनर्जी_फुल_डिझाइन’ आणि ‘एनर्जी_फुल’ अशा दोन फाइली असतात. काही यंत्रांत ‘एनर्जी’ऐवजी ‘चार्ज’ असे नाव असते आणि काहींत ‘बॅट०’ऐवजी ‘बॅट१’; ‘बॅट’ची अक्षरे मात्र मोठ्या लिपीत टाइप करावीत. पहिल्या फाइलीत बॅटरी कारखान्यातून निघताना तिच्यात किती वीज मावणे अपेक्षित होते, ते असते. दुसऱ्या फाइलीत आज किती मावते, ते असते. समजा पहिलीत ५००००००० आणि दुसरीत २६०००००० असे आकडे आहेत. हे मायक्रोवॅट-तास आहेत, म्हणजे बॅटरी ५० वॅट-तासांची होती आणि आज २६ वॅट-तासांची, म्हणजे मूळच्या ५२ टक्के, उरली आहे. पडद्यावर दिसणारे १०० टक्के हे त्या २६ चे १०० टक्के असतात, ५० चे नव्हेत. हे कळले की ‘पूर्ण चार्ज करूनही टिकत का नाही’ या तक्रारीचे उत्तर तिथेच मिळते. ‘सायकल_काउंट’ फाइलीत शून्याखेरीज आकडा असेल, तर किती वेळा पूर्ण भरून रिकामी झाली, तेही कळते. काही यंत्रे हा आकडा देतच नाहीत आणि शून्य दाखवतात.

मग ३५ टक्क्यांवरच यंत्र का बंद पडते? जुन्या लिथियम-आयन सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. चार्जर निघाला आणि सगळा भार एकाएकी बॅटरीवर आला, की सेलचा व्होल्टेज झपकन खाली येतो. तो ठरलेल्या किमान पातळीखाली गेला, की संरक्षण म्हणून बॅटरीचे सर्किट पुरवठा तोडते. चिपच्या हिशेबी वीज अजून शिल्लक असते, म्हणून प्रणालीला सूचना द्यायला वेळच मिळत नाही.

एकदा बॅटरीचे मोजमाप नव्याने करून पाहावे. १०० टक्के चार्ज करून दोन तास तसेच ठेवावे, मग चार्जर काढून नोंदींचे काम नसताना यंत्र हळूहळू उतरू द्यावे आणि बंद पडल्यावर सलग पूर्ण चार्ज करावे. यामुळे चिपचा अंदाज काहीसा सुधारतो, बॅटरी मात्र तरुण होत नाही. हा प्रयोग वारंवार करू नये.

नवी बॅटरी येईपर्यंत नोंदी वाचवण्याचा मार्ग आहे. ‘/ईटीसी/यूपॉवर/यूपॉवर.कॉन्फ’ या फाइलीत तीन आकडे असतात: कोणत्या टक्क्याला बॅटरी कमी समजायची, कोणत्या टक्क्याला ती धोक्याची समजायची आणि कोणत्या टक्क्याला कृती करायची. हे आकडे मुळात फार खालचे असतात, कृतीचा तर २ टक्के असतो. आपल्या बॅटरीच्या मानाने ते अनुक्रमे ५५, ५० आणि ४५ असे करावेत. हा उतरता क्रम पाळावाच लागतो, नाहीतर प्रणाली ते आकडे मानत नाही. शेवटच्या कृतीच्या जागी ‘पॉवरऑफ’ (‘पी’ आणि ‘ओ’ मोठ्या लिपीत) लिहावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. फोल्डराच्या नावातील ‘यू’ आणि ‘पी’ तसेच फाइलीच्या नावातील ती दोन अक्षरे मोठ्या लिपीत असतात, याकडे लक्ष असू द्यावे. यानंतर ४५ टक्क्यांवर यंत्र स्वतःहून रीतसर बंद होईल. त्याखेरीज हिशेबाच्या आज्ञावलीत दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह होण्याची सोय असते, ती आजच चालू करावी.

एक गोष्ट मात्र ताबडतोब तपासावी. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का, टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो का किंवा त्याची कळ दाबायला जड झाली आहे का, ते पाहावे. यांपैकी काहीही असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. अशी बॅटरी चार्ज करू नये, तिच्यावर दाब देऊ नये, तिला टोचू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये. यंत्र बंद करून दुरुस्तीच्या ठिकाणी न्यावे आणि ती ई-कचऱ्यात द्यावी.

प्रश्न: दापोलीला कृषी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतो. बॅटरी वाचवण्यासाठी टीएलपी ही आज्ञावली टाकली, मग पॉवरटॉप या वीजखर्च दाखवणाऱ्या साधनाचे ‘ऑटो-ट्यून’ दर वेळी चालू होईल असे केले, शिवाय प्रोसेसरचा वेग सांभाळणारी आणखी एक आज्ञावली बसवली. आता माउस दोन सेकंद थांबला की झोपतो, वसतिगृहातले वायफाय तुटते, आणि बॅटरी पूर्वीइतकीच टिकते.

उत्तर: एका होडीला तीन तांडेल झाले आहेत. ही तिन्ही साधने चांगली आहेत, परंतु ती एकाच जागेचे आकडे बदलतात आणि शेवटी ज्याने बदलले, त्याचे चालते. त्यातच उबंटू, फेडोरा यांसारख्या वितरणांत सेटिंग्जमधील ‘परफॉर्मन्स, बॅलन्स्ड, पॉवर सेव्हर’ हे तीन पर्याय हाताळणारी एक सेवा आधीपासून चालू असते; उबंटूत तिचे नाव पॉवर-प्रोफाइल्स-डेमन आहे. टीएलपी आणि ही सेवा एकत्र वापरू नयेत, असे टीएलपीचे कर्तेच स्पष्ट सांगतात.

माउसचे कारण सरळ आहे. पॉवरटॉपचे ‘ऑटो-ट्यून’ दिसेल त्या यूएसबी उपकरणाला आपोआप झोपण्याची मुभा देते आणि कर्नेलमध्ये त्यासाठीची मुदत मुळात २ सेकंदांची आहे. आपण मोजलेले दोन सेकंद हेच आहेत. टीएलपी माउस आणि कळफलक यांना या झोपेतून वगळते. इंटेलमधून २००७ साली बाहेर आलेले पॉवरटॉप हे मूळचे निदानाचे साधन आहे. डॉक्टरांच्या थर्मामीटरसारखे ते वापरावे, औषधासारखे नव्हे.

माझा सल्ला असा की ‘ऑटो-ट्यून’ची सेवा आणि ती तिसरी आज्ञावली काढून टाकावी, मग टीएलपी किंवा प्रणालीची मूळ सेवा यांपैकी एकच ठेवावी. विद्यार्थ्याला मूळ सेवाच पुरेशी असते. बॅटरी किती टक्क्यांवर थांबवायची यासारखे बारकावे हवे असतील, तर टीएलपी घ्यावे. वायफायसाठी नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ या नावापुढे ३ आकडा असेल, तर तो २ करावा. ३ म्हणजे बचत चालू आणि २ म्हणजे बंद. वसतिगृहात सिग्नल क्षीण असतो, आणि बचत चालू असताना कार्ड मधूनमधून डुलकी घेते, त्यामुळे जोडणी तुटते.

यानंतर मोजमाप करावे, आणि ते चार्जर काढूनच करावे, कारण चार्जर लावलेला असताना पॉवरटॉपला बॅटरीतून होणारा खर्च दिसत नाही. पडदा नेहमीच्या उजेडावर, ब्राउझर बंद, पाच मिनिटे थांबून आकडा वहीत लिहावा. समजा तो ८ वॅट आला आणि बॅटरी ४० वॅट-तासांची आहे, तर ती पाच तास चालेल. आता पडद्याचा उजेड अर्धा करून पुन्हा पाहावे, मग ब्राउझरात व्हिडिओ लावून पाहावे. ज्या एका बदलाने आकडा सर्वांत जास्त हलला, त्याच्याकडे लक्ष द्यावे. बहुतेकांना तो पडदा किंवा ब्राउझर असल्याचे आढळते, आणि त्यासाठी कोणतीच आज्ञावली बसवावी लागत नाही. प्रोसेसरच्या वेगाच्या नोंदीत ‘पॉवरसेव्ह’ हा शब्द दिसला, म्हणून इंटेलच्या प्रोसेसरवर तो बदलायला जाऊ नये. तिथे त्याचा अर्थ ‘सदैव मंद’ असा नसून ‘गरजेनुसार कमी-जास्त’ असा आहे.

प्रश्न: रत्नागिरीत कर सल्लागार आहे. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवावी, असे वाचले. लिनक्समध्ये ते जमते का, आणि करावे का?

उत्तर: जमते, पण यंत्रावर अवलंबून आहे. वर सांगितलेल्या बॅटरीच्या फोल्डरात ‘चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड’ नावाची फाइल असेल, तर तिच्यात ८० लिहिले की चार्जिंग तिथे थांबते. टीएलपीच्या सेटिंगमध्येही हाच आकडा देता येतो आणि तो यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही टिकतो. ती फाइल नसेल, तर बायोसमध्ये तशी सोय आहे का, ते पाहावे.

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी झिजवतात, एक उष्णता आणि दुसरी सतत काठोकाठ भरलेले राहणे. दिवसभर चार्जरवर असलेल्या आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात चालणाऱ्या लॅपटॉपला दोन्ही एकदम सोसावे लागते. म्हणून ऑक्टोबर ते मे आपण ८० ची मर्यादा जरूर ठेवावी.

पावसाळ्यात मात्र माझे मत वेगळे आहे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्याला धडकले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेले. अशा दिवसांत बॅटरीचे आयुष्य काही महिन्यांनी वाढण्यापेक्षा हातात उरलेले २० टक्के अधिक मोलाचे असतात. हवामान खात्याचा इशारा आला, की मर्यादा १०० करावी, वादळ सरले की पुन्हा ८० वर आणावी. या फाइलीत आकडा लिहायला क्षणभर लागतो, त्यामुळे हे करण्यात काही कष्ट नाहीत.

आपण विचारले नाही, पण जवळचे म्हणून सांगतो. लॅपटॉप महिनाभर वापरायचा नसेल, तर बॅटरी भरून किंवा रिकामी करून ठेवू नये. निम्म्याच्या आसपास ठेवून यंत्र पूर्ण बंद करावे.

प्रश्न: देवगडला आंब्याची बाग आहे. लॅपटॉपवर फेडोरा आहे. हंगामात दिवसातून चार वेळा वीज जाते, म्हणून यंत्र ‘हायबरनेट’ करायचे आहे, पण यादीत तो पर्यायच दिसत नाही.

उत्तर: हायबरनेटमध्ये मेमरीतील सर्व मजकूर डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होते, त्यामुळे बॅटरी अजिबात खर्च होत नाही. पर्याय न दिसण्याची दोन कारणे असतात. फेडोरा ३३ पासून स्वॅपसाठी, म्हणजे मेमरीला पूरक जागेसाठी, झेडरॅम वापरले जाते. झेडरॅम हे मेमरीतच राहते, आणि मेमरी बंद करून मेमरीत जतन करता येत नाही. त्यासाठी डिस्कवर रॅमइतक्या आकाराचा स्वॅप वेगळा करावा लागतो आणि यंत्र सुरू होताना तो कुठे शोधायचा, हे कर्नेलला सांगावे लागते. दुसरे कारण सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होताना केवळ खात्रीची प्रणालीच चालू देणारी सोय. ते चालू असताना कर्नेल हायबरनेटला मनाई करतो, कारण डिस्कवर ठेवलेली मेमरीची प्रत मधल्या काळात कोणी बदलली नाही, याची खात्री त्याला देता येत नाही.

सिक्युअर बूट बंद करून, विभाग पाडून हे सर्व जमवता येते, परंतु डिस्कचे विभाग बदलताना बॅकअप नसेल, तर ते काम हंगामात हाती घेऊ नये. एसएसडी असलेले यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर सुरू होते. वीज गेली की सेव्ह करून बंद करणे आपल्याला अधिक सोयीचे पडेल. दुपारी तासाभराचा खंड असेल, तर साधी झोप (सस्पेंड) पुरे. आपल्या यंत्रात सस्पेंडमध्ये तासाला किती टक्के उतरते, ते एकदा मोजून ठेवावे: झाकण मिटताना आणि चार तासांनी उघडताना दिसलेले आकडे लिहून वजा करावेत आणि चाराने भागावे.

वीज वारंवार जाते-येते, म्हणून चार्जरच्या पिनेकडेही लक्ष ठेवावे. समुद्राकडच्या खाऱ्या, दमट हवेत तिच्यावर हिरवट-पांढरा थर चढतो. काही लॅपटॉपांच्या गोल पिनेच्या मध्यभागी एक बारीक सुई असते आणि तिच्यातून यंत्र चार्जरची ओळख पटवते. त्या सुईवर थर चढला, की यंत्र चालते, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर मंद चालतो. माझ्याच लॅपटॉपचे दोन पावसाळ्यांपूर्वी असे झाले होते. दुरुस्तीच्या एका दुकानाने मदरबोर्ड बदलायला सांगितले होते. घरी येऊन ‘पॉवर_सप्लाय’ फोल्डरात पाहिले, तर चार्जरच्या ‘ऑनलाइन’ फाइलीत १ होता आणि बॅटरीच्या ‘स्टेटस’ फाइलीत ‘नॉट चार्जिंग’ असे लिहिले होते. म्हणजे वीज आत येत होती, ओळख पटत नव्हती. मी चार्जर भिंतीच्या सॉकेटमधून काढला, लॅपटॉप बंद केला, कापूस लावलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवून सुई आणि तिच्याभोवतीचा भाग हलकेच पुसला आणि पाच मिनिटे वाळू दिले. काडी हिरवी झाली होती. चार्जर लावताच ‘स्टेटस’ फाइलीत ‘चार्जिंग’ आले. ८० टक्क्यांची मर्यादा लावलेली असेल, तरी ‘नॉट चार्जिंग’ हेच शब्द दिसतात, म्हणून आधी ती मर्यादा काढून पाहावी, मग पिनेला हात लावावा.